नवीन सेट आला की आधी कॉमन वाचा, रेअर नंतर

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: मॅजिक द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ तुम्ही घरी मित्रांबरोबर खेळता, स्पर्धांमध्ये उतरायचं नाहीये, पण येणारा नवीन सेट, म्हणजे नव्या कार्डांचा संच, पहिल्या दिवसापासून नीट बघायचाय. आणि बघायला गेलात तर एकदम अडीचशेच्या वर कार्डं, रोज कुणाचा तरी टॉप टेनचा व्हिडिओ, त्यात बॉक्स घ्यावा की सुटी कार्डं हेही ठरत नाही. खरेदीचं मी शेवटी सांगते, कारण तुमची खरी अडचण तिथे नाहीये. अडचण अशी आहे की एवढ्या ढिगात कुठून हात घालायचा हेच कळत नाही, आणि मग साहजिकच माणूस सगळ्यात चमकणारं कार्ड आधी उचलतो आणि तिथेच सेट हातातून निसटतो.

मी बरीच वर्षं ड्राफ्ट (टेबलाभोवती बसून पॅक फोडायचे, एकेक कार्ड उचलून पॅक पुढे द्यायचा आणि मिळालेल्या कार्डांतून डेक बनवायचा) खेळतेय आणि नवीन लोकांना शिकवतेय, त्यावरून सांगते. सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही हे आधीच मान्य. तुमच्या ग्रुपमध्ये सगळे कमांडर खेळत असतील, म्हणजे १०० कार्डांचा डेक, बेसिक लँड (कार्डं खेळायला लागणारी शक्ती, म्हणजे माना, देणारी साधी कार्डं) सोडून प्रत्येक कार्ड एकेकच, सुरुवातीला ४० लाइफ, तर नवीन सेटमधून तुम्हाला लागणारी कार्डं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील, तेव्हा लेजंडरी क्रीचर, म्हणजे कमांडर होऊ शकणारी पात्रं, चाळा आणि आधीच्या डेकला काय जुळतं ते बघा, झालं. अगदीच नवीन असाल आणि नियमच अजून पक्के नसतील तर नव्या सेटऐवजी फाउंडेशन्स घ्या असं मी म्हणेन. तो नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, नवशिक्यांना डोळ्यापुढे ठेवूनच बनवलाय आणि स्टँडर्डमध्ये (अलीकडच्या सेटची कार्डं चालणारा खेळाचा प्रकार) किमान २०२९ पर्यंत चालणार असं कंपनीने जाहीर केलंय, त्यामुळे घाई नाही. पण तुम्हाला खरंच एक सेट आतून बाहेरून ओळखायचा असेल, त्याचं जग, त्यातले डावपेच, कुठलं कार्ड कशासाठी ठेवलंय, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

कार्ड किती दुर्मिळ यावरून त्याची रेअरिटी ठरते: सगळ्यात सहज मिळतं ते कॉमन, मग अनकॉमन, मग रेअर, आणि सगळ्यात दुर्मिळ मिथिक. माझं म्हणणं एवढंच की सेट कळतो तो कॉमन कार्डांतून. ही काही साधेपणाची आवड नाही, हिशोब आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मर्डर्स ॲट कार्लोव्ह मॅनर या सेटपासून प्ले बूस्टर, म्हणजे खेळण्यासाठीचे सीलबंद पॅक, आले, त्यात खेळायची १४ कार्डं असतात: ६ किंवा ७ कॉमन, ३ अनकॉमन, एक रेअर किंवा मिथिक, एक लँड आणि दोन कार्डं कुठल्याही रेअरिटीची, त्यातलं एक फॉइल, म्हणजे चमकदार छपाईचं. सेटमध्ये साधारण ८० कॉमन, १०० अनकॉमन, ६० रेअर आणि २० मिथिक धरा. आता आठ जणांच्या ड्राफ्टमध्ये २४ पॅक फुटतात, म्हणजे कुठलंही एक ठराविक कॉमन त्या टेबलावर सरासरी दोनदा तरी येतं, ठराविक अनकॉमन साधारण एकदा, आणि ठराविक रेअर दोन-तीन ड्राफ्टमध्ये मिळून एकदा, तोही आठातल्या कुणाच्या तरी हातात. म्हणजे ज्या कार्डावर वीस मिनिटांचा व्हिडिओ बघितला ते कदाचित महिनाभर दिसणार नाही, आणि ज्याच्याकडे बघितलंच नाही ते कॉमन पहिल्याच संध्याकाळी तुम्हाला तीनदा हरवून जाईल.

तर कामाला कशी सुरुवात करायची. आधी मेकॅनिक्स, म्हणजे त्या सेटमधले खास नियम. प्रत्येक सेटच्या आधी अधिकृत साइटवर नवीन मेकॅनिक्सवर लेख येतो आणि मग रिलीज नोट्स येतात, त्यात एकेका कार्डाच्या अडचणीच्या नियमांचा खुलासा असतो. लेख पूर्ण वाचा, नोट्स नुसत्या चाळा, नंतर खेळताना वाद झाला की तिथेच बघायचंय एवढं लक्षात ठेवा. मग स्क्रायफॉल या कार्डं शोधायच्या साइटवर जाऊन सेटचा आणि कॉमनचा फिल्टर लावा, एकच रंग निवडा, आणि कार्डं मानाच्या किमतीप्रमाणे लावून घ्या. एका रंगात पंधरा-सोळाच कॉमन असतात, चहा होईपर्यंत वाचून होतात. एका बैठकीत पाचही रंग वाचायला जाऊ नका, काही डोक्यात राहत नाही.

वाचताना मी 'हे कार्ड चांगलं की वाईट' असं बघतच नाही, ते पहिल्या वाचनात कुणालाच धड कळत नाही. मी बघते की दोन मानाचे क्रीचर (हल्ला करणारी आणि अडवणारी पात्रं) साधारण केवढे आहेत, २/२ आहेत की ३/१ (पहिला आकडा हल्ल्याची ताकद, दुसरा टफनेस, म्हणजे किती डॅमेज झाल्यावर मरतो), म्हणजे खेळ कितपत लवकर तापणार. मग स्वस्तातलं रिमूव्हल (समोरच्याचं क्रीचर काढून टाकणारं कार्ड) किती डॅमेज करतं ते बघते. लाल रंगातलं स्वस्त कॉमन ३ डॅमेज करत असेल तर या सेटमध्ये टफनेस ३ आणि टफनेस ४ यांच्यामध्ये मोठी भिंत आहे, आणि पाच माना खर्चून आणलेलं ४/३ क्रीचर कागदावर दिसतं तेवढं भक्कम नाही. उडणारे किती आणि उडणाऱ्यांना अडवणारे किती, हे एक. आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे इन्स्टंट, समोरच्याच्या पाळीतही टाकता येणारी कार्डं. समोरच्याने दोन माना मोकळे ठेवलेत, एक हिरवा एक कुठलाही, तर त्याच्या हातात काय काय असू शकतं? कॉमनमधले हिरवे इन्स्टंट दोन-तीनच असतात, ते पाठ असले की समोरचा माणूस का थांबलाय ते तुम्हाला दिसायला लागतं, आणि मग खेळाला खरी मजा येते.

एक उदाहरण घेऊ. ब्लूमबरो हा ऑगस्ट २०२४ चा सेट, माणसं नसलेलं जग, सगळे उंदीर, ससे, बेडूक, वटवाघळं वगैरे. त्यात स्टीमपाथ चार्जर नावाचा एक सरडा आहे, लाल, कॉमन. दोन माना, २/१, हेस्ट आहे म्हणजे आल्या आल्या हल्ला करू शकतो, आणि मेला की एका प्लेअरला १ डॅमेज करून जातो. वर ऑफस्प्रिंग आहे, म्हणजे टाकताना आणखी दोन माना दिलेत तर त्याचीच १/१ ची टोकन कॉपी (खऱ्या कार्डाऐवजी खूण ठेवून दाखवलेली) बरोबर येते. पहिल्यांदा वाचताना लोक म्हणतात ठीक आहे, छोटंसं कार्ड आहे. आता नीट बघा. दुसऱ्या टर्नला तो दोन मानाचा हल्लेखोर, चौथ्या टर्नला तोच चार मानात दोन हल्लेखोर, म्हणजे खेळाच्या कुठल्याही वेळी हातात आला तरी वाया जात नाही. टोकन ही कॉपी असल्यामुळे तिलाही हेस्ट आहे आणि तीही मरताना १ डॅमेज करते. समोरच्याने अडवलं नाही तर त्याचं लाइफ जातं, अडवून मारलं तरी जातं.

आता काळ्या-लाल जोडीतलं अनकॉमन वाचा, फायरग्लास मेंटॉर. दोन मानाचा २/१ सरडा, तुमच्या दुसऱ्या मेन फेजच्या (हल्ल्यानंतरच्या टप्प्याच्या) सुरुवातीला त्या टर्नमध्ये प्रतिस्पर्ध्याचं लाइफ गेलेलं असेल तर लायब्ररीतली (न ओढलेल्या डेकमधली) वरची दोन कार्डं एक्झाइल करायची, म्हणजे खेळाबाहेर ठेवायची, त्यातलं एक निवडायचं आणि ते त्याच टर्नमध्ये खेळता येतं. म्हणजे चार्जर घेऊन केलेला हल्ला, जो वरवर बघता फुकटचा बळी वाटतो, तो दर टर्नला एक जादा कार्ड मिळवून देणारा हल्ला आहे. ब्लूमबरोतल्या सरड्यांचा सगळा डेक याच एका अटीभोवती फिरतो, की या टर्नमध्ये समोरच्याचं लाइफ गेलं का. हे दोन कार्डं शेजारी ठेवून पाच मिनिटं विचार केला की कळतं, आणि त्यासाठी एकही रेअर लागला नाही.

असे जोडीचे अनकॉमन बहुतेक सेटमध्ये असतात, पाच रंगांच्या दहा जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीला निदान एक दोन-रंगी अनकॉमन, ज्याला आपण साइनपोस्ट म्हणतो. एकेका रंगाचे कॉमन वाचून झाले की ही दहा कार्डं काढा. डिझाइन करणाऱ्यांनी त्या जोडीचा डेक कसा चालावा असं ठरवलंय ते यात जवळपास लिहूनच दिलेलं असतं. ब्लूमबरोत तर प्रत्येक जोडीला एक प्राणीच दिलाय: पांढरा-लाल म्हणजे उंदीर, ज्यांना आपल्याच स्पेलचं (टाकलेल्या कार्डाचं) टार्गेट व्हायला आवडतं, काळा-हिरवा म्हणजे खारी, ज्या ग्रेव्हयार्डमधली (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगातली) तीन कार्डं किंवा एक फूड टोकन खर्चून कामं करतात, निळा-लाल म्हणजे ऑटर, ज्यांचं सगळं क्रीचर नसलेल्या स्पेलवर चालतं. सगळ्याच सेटमध्ये एवढं सरळ नसतं, कधीकधी जोडीचा धागा शोधावा लागतो, आणि कधी एखादी जोडी कागदावर आहे पण प्रत्यक्षात तिला पुरेसे कॉमनच नाहीत असंही निघतं. ते शोधून काढणं हाच मला या छंदातला सगळ्यात आवडता भाग वाटतो.

तुम्ही हौसेने खेळता म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते, जी स्पर्धेवाले सहसा सांगत नाहीत. गोष्ट वाचा. नवीन सेटबरोबर अधिकृत साइटवर त्या जगाची कथा बहुतेक वेळा भागांमध्ये येते आणि फुकट असते. कार्डांवरच्या तिरक्या अक्षरातल्या ओळीही वाचा. कारण चांगल्या सेटमध्ये गोष्ट आणि नियम एकमेकांना धरून असतात. ब्लूमबरोत कॅलॅमिटी बीस्ट नावाचे प्रचंड प्राणी आहेत, निसर्गातल्या एकेका शक्तीचं रूप, आणि त्यातलं माहा हे घुबड म्हणजे रात्र. तिचं कार्ड काय करतं, तर ती असेपर्यंत प्रतिस्पर्ध्याच्या सगळ्या क्रीचरचा मूळ टफनेस १ होऊन जातो. छोट्याशा उंदराला अंधारात घुबडाची सावली पडल्यावर जे वाटेल तेच बरोबर त्या ओळीत आलंय. असं एखादं कार्ड उलगडलं की नियमही आपोआप लक्षात राहतो, पाठ करावा लागत नाही.

आता खेळणं. पहिल्यांदा खेळायला प्रीरिलीजइतकी चांगली जागा नाही, तुम्ही स्पर्धा नको म्हणालात तरीही. हा कार्यक्रम सेट अधिकृतपणे विक्रीला यायच्या आधी होतो, प्रत्येकाला सहा पॅक आणि एक शिक्का मारलेलं फॉइल प्रोमो कार्ड मिळतं, त्यातूनच ४० कार्डांचा डेक बनवायचा. तिथे सगळेच कार्डं पहिल्यांदा हाताळत असतात, प्रत्येक जण थांबून समोरच्याचं कार्ड वाचतो, कुणी घाई करत नाही. डेक बनवताना १७ लँड आणि २३ बाकीची कार्डं, त्यातही पंधरा-सोळा क्रीचर, दोन रंग, इथून सुरुवात करा. सहा पॅक उघडल्यावर सहा-सात रेअर समोर येतात आणि सगळे घालावेसे वाटतात, मग डेक चार रंगांचा होतो आणि लँड जुळत नाहीत. आधी रेअर बाजूला ठेवून कुठल्या दोन रंगांत कॉमन-अनकॉमन सगळ्यात जास्त आणि चांगले आहेत ते बघा, आणि मग त्या रंगांतला रेअर असेल तर घाला.

ते जमत नसेल तर मॅजिक अरीना हा ऑनलाइन गेम आहे. तिथला क्विक ड्राफ्ट मी नवीन लोकांना सुचवते कारण ड्राफ्ट करताना बरोबर बॉट, म्हणजे संगणकाचे खेळाडू, असतात, पिक करायला घड्याळ नाही, प्रत्येक कार्ड शांतपणे वाचता येतं. मात्र सेट आल्या आल्या लगेच क्विक ड्राफ्ट सुरू नसतो, तोवर थांबावं लागतं. अरीना खेळायला लागलात की कुणीतरी सेव्हंटीन लँड्स या साइटचे आकडे दाखवेलच, कुठलं कार्ड हातात आल्यावर किती टक्के गेम जिंकले गेले वगैरे. आकडे खरे आहेत, मी पण बघते, पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. तिथे नोंद ठेवणारे लोक मुळात जास्त तयारीचे असतात, त्यामुळे तिथली सरासरीच ५० टक्क्यांच्या बरीच वर असते, म्हणजे ५३ टक्के दिसले म्हणून कार्ड चांगलं असं नाही. दुसरं, एखाद्या कार्डाचा आकडा ते ज्या डेकमध्ये जातं त्या डेकचाही असतो, मजबूत जोडीतलं मध्यम कार्डही मजबूत दिसतं. तिसरं म्हणजे तुम्हाला सेट स्वतः शोधून बघायचाय, तर पहिले दोन आठवडे हे आकडे उघडूच नका, आधी स्वतःचं मत बनवा आणि मग ताडून बघा. कुठे फरक पडला ते बघितलं की एका संध्याकाळी जेवढं शिकायला मिळतं तेवढं यादी पाठ करून मिळत नाही.

दोघंच असाल तर? हे तुम्ही विचारलं नाहीत पण घरी खेळणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न असतो. विन्स्टन ड्राफ्ट करा, हा प्रकार खुद्द रिचर्ड गारफिल्डचा, ज्याने १९९३ मध्ये हा गेम आणला. सहा पॅक फोडायचे, न बघता सगळं एकत्र पिसायचं, उलटा गठ्ठा मध्ये ठेवायचा आणि वरून तीन कार्डं काढून तीन छोटे ढीग लावायचे, तेही उलटेच. तुमची पाळी आली की पहिला ढीग गुपचूप बघायचा, हवा असेल तर पूर्ण उचलायचा आणि त्याच्या जागी गठ्ठ्यातलं एक नवीन कार्ड, नको असेल तर त्यावर गठ्ठ्यातलं एक कार्ड वाढवून पुढच्या ढिगाकडे. तिन्ही सोडलेत तर गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं कार्ड न बघता घ्यायचं. यात समोरच्याने कुठला ढीग किती वेळ बघून सोडला यावरून तो कुठल्या रंगात आहे याचा अंदाज बांधावा लागतो, आणि सोडलेला ढीग वाढत वाढत असा होतो की दोघांनाही मोह आवरत नाही.

आता बॉक्स की सुटी कार्डं. बॉक्समध्ये सेटनुसार ३० किंवा ३६ पॅक असतात, आणि एक ठराविक रेअर हवाय म्हणून बॉक्स फोडलात तर तो निघेल की नाही हे जवळपास नाणेफेकीवर आहे, मिथिक असेल तर शक्यता त्याहून खूपच कमी. म्हणून ठराविक कार्ड हवं असेल तर सुटंच घ्या, आणि रिलीजनंतर काही आठवडे थांबून घ्या, कारण बहुतेक कार्डांचे भाव प्रीऑर्डरच्या वेळी चढे असतात आणि पॅक फुटत गेले की खाली येतात. पण चार मित्र मिळून ड्राफ्ट करणार असाल तर बॉक्स हा अजिबात वाया जाणारा खर्च नाही, ३६ पॅकच्या बॉक्समध्ये तीन ड्राफ्ट होतात आणि ३० पॅकच्या बॉक्समध्ये दोन. त्यासाठी बॉक्स प्ले बूस्टरचाच घ्या. कलेक्टर बूस्टर ड्राफ्टसाठी नसतात, ते फॉइल आणि खास चित्रांची आवड असणाऱ्यांसाठी आहेत, महागही बरेच असतात, आणि सेट कळायला त्यांची काही मदत होत नाही.

आणि ड्राफ्ट संपले की कॉमन देऊन टाकू नका, रबर लावून कपाटात ढकलू पण नका. त्यांचा सेट क्यूब, म्हणजे परत परत ड्राफ्ट करता येईल असा कार्डांचा साठा, करा. प्रत्येक कॉमनच्या दोन प्रती, प्रत्येक अनकॉमनची एक, आणि रेअर जेवढे मिळाले असतील तेवढे, कमी असले तरी चालतात. वर हिशोब केला तसंच हे प्रमाण आठ जणांच्या टेबलाच्या जवळ जातं, म्हणून खेळताना खऱ्या ड्राफ्टसारखंच वाटतं. कमी पडलेले कॉमन-अनकॉमन सुटे घ्या, ते रेअरच्या मानाने किरकोळ खर्चात मिळतात, किंवा घरीच खेळायचंय तर कागदावर छापून जुन्या कार्डावर लावा, अधिकृत स्पर्धेत असं चालत नाही पण घरात कोण अडवणार. सगळ्या कार्डांना एकाच प्रकारचे स्लीव्ह (प्लास्टिकची पाकिटं) घाला, नाहीतर फॉइल वाकतात आणि पाठीवरून ओळखू येतात. चौघं जमलात की बारा पॅक बनवायचे, प्रत्येकात नऊ कॉमन, चार अनकॉमन, एक रेअर, रेअरिटीचे गठ्ठे वेगवेगळे पिसून, बेसिक लँड बाजूला वेगळ्या डब्यात. प्रत्येकाला ४२ कार्डं मिळतात, त्यातली २३ डेकमध्ये जातात, आणि खेळून झाल्यावर परत रेअरिटीप्रमाणे वेगळी करायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. ते वेगळं करणं खेळ संपल्यावर लगेच, सगळे टेबलावर असतानाच करून घ्या, पुढच्या वेळेवर ढकललंत तर पुढची वेळ येत नाही.